खरवस कुठल्या म्हशीचा?

चहा आधी संपवून घ्या. हा किस्सा ऐकताना माझ्या एका मैत्रिणीचा चहा नाकातून बाहेर आलाय, म्हणून म्हणते.

तर, स्कॉटलंडहून परत येताना विमानात मी सबंध वेळ एक भाषण पाठ करत होते. डोळ्यांपुढे लालबागची आमची चाळ. संपानं होरपळलेली माणसं जिन्याच्या पायऱ्यांवर खेटून बसलीयत, गिरणीच्या भोंग्याच्या आठवणीनं गदगदलीयत, आणि मी, त्यांचीच पोर, परदेशातलं ज्ञान ओंजळीनं त्यांच्यापुढे ओततेय. शेवटी टाळ्या. कुणीतरी हारसुद्धा आणलेला.

प्रत्यक्षात आत्यानं दार उघडलं, माझ्या बॅगेकडे बघितलं आणि म्हणाली, "आलीस गो बाय? बरं झालं. दूध उतू जातंय का बघ जरा."

आणि संप? संपाला इतकी वर्षं होऊन गेली होती की तो आता फक्त कॅलेंडरसारखा वापरात होता. फ्रिज संपाआधीचा, मिक्सर संपानंतरचा. शेजारच्या शेवंताकाकीचा थोरला संपाआधीचा आणि धाकटी ऐन संपातली. "घरीच असायचे ना हे," काकी खुलासा करायची आणि स्वतःच हसायची.

मीही तशी संपाचीच देणगी. संप लांबला, आईबाबा गावी मालवणकडे परतले आणि मामानं मला उचलून आपल्याकडे नेलं. मामा आधी बोटीवर स्वयंपाकी होता, तो स्कॉटलंडला उतरला आणि तिथेच हॉटेल काढून बसला. मी तिकडे शाळा शिकले, कॉलेज शिकले, आणि शिकता शिकता पडले कुणाच्या प्रेमात? शेवाळाच्या! समुद्राच्या खडकांवर वाढतं ते लाल, बुळबुळीत शेवाळ. हसू नका. त्या बुळबुळीतच सगळी गंमत असते.

ती गंमत मी आल्या आठवड्यातच आत्याच्या खाणावळीत सांगायला घेतली. खाणावळ म्हणजे आत्याच्या दोन खोल्यांपैकी बाहेरची. एके काळी तिथे गिरणीतल्या माणसांच्या पंगती उठायच्या. आता मोजके डबे, त्यात भागत नव्हतं.

"या शेवाळात साखरेच्या कणांच्या लांबच लांब साखळ्या असतात," मी म्हटलं. "त्याला पॉलिसॅकराइड म्हणतात."

"पोलिसांचं काय?" शेवंताकाकीनं विळीवरून मान वर केली.

"पोलिसांचं नाही गं काकी! पॉलि-सॅकराइड. त्याचे दोन मोठे गुण. एक, ते अँटिऑक्सिडंट आहे. म्हणजे शरीराला आतून गंज चढू देत नाही."

"मग आमच्या लोखंडी कपाटाला लावता येईल?"

आत्याचे यजमान भाऊ कोपऱ्यात पान लावत होते. भाऊ गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर होते, आता एका ऑफिसात रात्रपाळीचे वॉचमन. त्यांनी माझी बाजू घेतली. "अगो, तेलपाणी गो. मशीनला घालतात तसं. आणि दुसरा गुण काय म्हणालीस?"

"दुसरा सगळ्यात मोठा. ते रक्त गोठू देत नाही!"

"गोठू देत नाही म्हणजे बरं की वाईट?"

"गाठ होऊन अडकायला लागलं तर बरं. जखम झाली तर वाईट."

"म्हणजे युनियनसारखं," भाऊ म्हणाले आणि पान तोंडात टाकलं.

मी मात्र पेटले होते. आईबाबांकडे जाऊन मालवणच्या खडकांवरचं दोन पोती शेवाळ घेऊन आले. आत्याच्या मोठ्या टोपात त्यातलं एक पोतं शिजवलं, भाऊंच्या गिरणीतल्या जुन्या मलमलीतून गाळलं, गॅलरीत ताटं मांडून वाळवलं. तीन मजल्यांनी नाकाला पदर लावले. शेवटी हाती काय आलं? बरणीभर पिठूळ, पांढुरकी पूड. मी ती बरणी आत्याच्या फळीवर ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवून सांगू लागले, "ही पूड पोटात गेली ना, तर रक्त गोठायचं नावच काढणार नाही!"

हे वाक्य लक्षात ठेवा. याच वाक्यानं माझा घात केलाय.

एवढ्यावर थांबले असते तर मी कसली! जिन्याखालच्या फळ्यावर खडूनं लिहून टाकलं, 'रविवारी सायंकाळी व्याख्यान. समुद्रातले शेवाळ आणि आपले रक्त. सर्वांनी यावे.'

त्याच रविवारी आत्याची मोठी ऑर्डर होती. मागच्या चाळीत हळद होती आणि त्या हळदीचं सगळं जेवण आत्याकडून जाणार होतं. सुरमई, मटण, वडे, भात. इतकी मोठी ऑर्डर खाणावळीनं संपानंतर पाहिलीच नव्हती. आत्यानं मला एकदाच, भांडी घासता घासता सांगितलं होतं, "ही नीट पार पडली तर आणखी येतील. नाही पडली तर टोप-परात विकून गावी जायचं. भाऊंशी बोलणं झालंय माझं." एवढं बोलून परत भांडी घासायला लागली. मी न सांगता शेजारची परात घासायला घेतली. मी आपणहून भांडं घासलं म्हणजे काय ते माझ्या घरच्यांना विचारा.

शनिवारी दुपारी मी पुस्तकांसाठी फोर्टात गेले. संध्याकाळी परत येते तो काय, आत्याच्या दारात ही गर्दी! आत आत्या कपाळाला हात लावून बसलेली आणि पुढ्यात दुधाचं पातेलं. तिनं हळदीसाठी तांदळाची खीर करून बघितली होती, आणि दुपारभरात खिरीचं काय झालं कुणास ठाऊक, ती थिजून घट्ट बसली होती. डाव घातला तर डाव उभा!

"नासलं गो सगळं दूध," आत्या म्हणाली.

भाऊंनी सुरीनं एक वडी कापली. हातावर घेतली. वडी थरथरली. त्यांनी ती तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि मग त्यांचा जो चेहरा झाला!

"अगो," भाऊ म्हणाले, "खरवस!"

खरवस हा शब्द चाळीत किती वेगानं पळतो ते तुम्ही बघायला हवं होतं. खालून वर, वरून खाली! बशा आल्या, वाट्या आल्या, एक आजोबा तर कपाची बशीच तेवढी घेऊन आले.

"म्हैस कुणाची व्याली?"

"चीक आणला कुठून आत्यानं?"

"जायफळ काय लागलंय बघ!"

मी दोनदा घेतला. तिसऱ्यांदा वाटी पुढे करून मी, होय मीच, शेवाळाच्या शास्त्रात पदवी घेऊन आलेली मी, आत्याला विचारलं, "अगं, इतका छान खरवस! कुठल्या म्हशीचा गं?"

"कसली म्हैस," आत्या म्हणाली, "दूध पाण्यासारखं होतं. दाट व्हायला म्हणून फळीवरची तांदळाची पिठी घातली मूठभर."

मी फळीकडे बघितलं. तांदळाच्या पिठीचा डबा होता तिथे होता. झाकण घट्ट. आणि शेजारी माझी बरणी. अर्धी रिकामी.

मला पुढचं नीटसं आठवत नाही. आत्या सांगते की मी आधी वाटी खाली ठेवली, मग उचलली, मग पुन्हा ठेवली. आणि मग मी गॅलरीतून धावत सुटले.

"विळीला हात लावू नका! सुऱ्या आत ठेवा! कुणी पळू नका, पडू नका! काकी, सुई खाली ठेव!"

"काय झालं? कर्फ्यू लागला का?"

"कुणी दाढी करू नका!"

हे शेवटचं मी आमच्याच मोरीच्या दारात ओरडले. आता रात्रपाळीचा माणूस दाढी कधी करतो? संध्याकाळी. खरवस खाऊन भाऊ ड्यूटीच्या तयारीला लागले होते. माझी किंकाळी ऐकून ते दचकले, आणि मोरीतून आवाज आला, "आई गं!"

भाऊ बाहेर आले. अर्धा गाल फेसानं पांढरा, आणि हनुवटीवर लाल रेघ.

मग मी सगळ्यांना सांगितलं. खरवस कशाचा आहे ते. मग शेवंताकाकी हळूच म्हणाली, "म्हणजे आता आम्हा सगळ्यांचं रक्त गोठायचं नाही?"

"नाही... म्हणजे... तसंच काहीतरी."

"मग उद्या सकाळी सुरमई कोण कापणार? मटण कोण तोडणार? तुझा स्कॉटलंडचा मास्तर?"

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या उंबऱ्यात बसली होती. ओरडली नाही, रागावली नाही. नुसतं म्हणाली, "मग हळदवाल्यांना आत्ताच सांगायला हवं. त्यांची तरी सोय होईल दुसरीकडे."

ते ऐकलं आणि मला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

तेवढ्यात कुणीतरी खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टरांच्या हातात वाटी होती. त्यांच्याकडेही खरवस पोचला होता! त्यांनी कापसाचा बोळा भाऊंच्या हनुवटीवर दाबला, म्हणाले, "बसा. बघू या."

आणि मग आख्खा मजला भाऊंच्या हनुवटीकडे बघत उभा राहिला. पोरं कठड्यावर चढली. कुणी श्वास घेईना. रक्त गोठू नये म्हणून जिनं इतकी वर्षं घालवली, ती मी मनातल्या मनात लालबागच्या सगळ्या देवांना विनवत होते, 'गोठू दे! एवढं एक रक्त गोठू दे!'

डॉक्टरांनी बोळा काढला. थांबले. पुन्हा पाहिलं.

"थांबलं," ते म्हणाले.

"गोठलं! गोठलं!" पोरांनी आरोळी ठोकली. टाळ्या पडल्या. एका काकूंनी तर भाऊंच्या हनुवटीवरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. मी ज्या टाळ्यांचं स्वप्न विमानात बघितलं होतं त्या या, लालबागच्या टाळ्या! कशासाठी पडाव्यात? माझं ज्ञान खोटं ठरलं म्हणून!

"म्हणजे तुझी पूड काही कामाची नाही," शेवंताकाकीनं निकाल दिला.

"नाही काकी!" मी तिला मिठी मारली. "अजिबात कामाची नाही!"

डॉक्टर वाटी चाटूनपुसून झाल्यावर माझ्याकडे वळले. "एक विचारू, बाळ? ही जी रक्त न गोठण्याची गंमत तू शिकलीस, ती काचेच्या नळीत बघितलीस की माणसाच्या पोटात?"



"नळीत," मी म्हटलं.

"मग खाल्लेलं सगळं जसंच्या तसं रक्तात जातं, असं तुला कोणी सांगितलं?"

कुणीच नाही हो! उलट पहिल्याच वर्षी आमच्या सरांनी बजावलं होतं की नळीतलं रक्त वेगळं आणि अंगातलं वेगळं, या साखळ्या इतक्या लांब असतात की पोटातून धड पुढेच सरकत नाहीत. मी ते परीक्षेत लिहिलं होतं. त्याला चांगले मार्कही मिळाले होते. लालबागेत उतरताना मात्र तेवढंच नेमकं विमानात विसरले. आणि ही पूड दूध थिजवते, हेही मला ठाऊक होतं बरं का! पण ते म्हणजे तिचा किरकोळ, स्वयंपाकघरातला गुण. त्याकडे शास्त्रज्ञांनी कशाला बघायचं?

सकाळी उठले तेव्हा शेवंताकाकी विळीवर बसून सुरमईचे तुकडे पाडत होती आणि मध्येच बोट वर करून मला दाखवत होती, "बघ हां, कापलंय, गोठलंय!" टोप चुलीवर चढले होते. भाऊ ड्यूटीवरून येऊन हनुवटीला कापूस लावून चहा पीत होते. आणि दारात हळदीच्या घरची, नवऱ्या मुलाची आई उभी होती.

"जेवणाचं सगळं ठरल्याप्रमाणे," ती म्हणाली, "पण काल तुमच्याकडे खरवस होता म्हणे. आमच्या पाहुण्यांपर्यंत बातमी गेलीय. हळदीला तो पाहिजेच. आणि सोमवारी लग्नालासुद्धा."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी बरणीकडे बघितलं. बरणी अर्धी होती आणि मोरीशेजारी शेवाळाचं दुसरं पोतं अजून भरलेलं होतं.

मी जिना उतरून खाली गेले. फळ्यावर माझं व्याख्यान अजून तसंच होतं, 'आपले रक्त' या शब्दांखाली मी मारलेल्या दोन रेघांसकट. ओल्या फडक्यानं ते सगळं पुसून टाकलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आत्याच्या खाणावळीत समुद्री खरवस मिळेल.'

भाऊ वरून कठड्यावर रेलून वाचत होते.

"छान लिहिलंस गो," ते म्हणाले. "पण लोक विचारतील, म्हैस कुणाची? काय सांगू?"

"सांगा, आत्याच्या घरचीच आहे," मी म्हटलं. "परदेशात शिकून आलीय."