गोष्टीतली भेसळ

माझ्या थोरल्या बहिणीचा कुणावरही विश्वास नाही. घड्याळावर नाही, डॉक्टरवर नाही आणि माझ्यावर तर नाहीच नाही. मी दाराला कडी लावली असं सांगितलं की ती उठून कडी हलवून येते. आमचे मेव्हणे हयात असताना सांगायचे, लग्नात पाळकांनी "हा पुरुष तुला पती म्हणून मान्य आहे का?" असं विचारल्यावर हिनं उत्तर द्यायच्या आधी त्यांना नखशिखान्त न्याहाळून घेतलं होतं. अशी बाई चर्चच्या बालवाडीत बसून चार वर्षांच्या पोरांना विश्वास ठेवायला शिकवते. मी तिच्याच वर्गात मदतनीस आहे. पोरांची नाकं पुसायची, रंगीत कागद कापून ठेवायचे आणि ताईची बोलणी खायची, ही माझी कामं.

आमच्या वर्गाचा आठवडा ठरलेला असतो. सोमवारी गाणी, मंगळवारी चिकटकाम, बुधवारी मातीकाम, गुरुवारी बायबलमधली गोष्ट आणि शुक्रवारी त्या गोष्टीचं चित्र. सुट्टीच्या दोन दिवसांत मुलांनी ती गोष्ट घरी सांगायची. सोमवारी फाटकापाशी टीचरनं पालकांना विचारायचं, सांगितली का? पालक म्हणतात, हो हो, किती छान सांगितली. शेजारच्या वर्गाच्या टीचर एवढ्यावर खूश होतात. ताई कशाला होतेय? पालक थापा मारतात यावर तिचा ठाम विश्वास आहे. तिचा विश्वास असलेली बहुधा तेवढीच एक गोष्ट.

म्हणून ती गोष्टीत भेसळ करते. तिच्या नोहाच्या तारवात एक मांजर असते. तिला पाण्याची भीती वाटते, त्यामुळे ती सगळा प्रवास नोहाच्या टोपीत बसून करते. दानीएलाच्या गुहेतल्या एका सिंहाची दाढ दुखत असते. योनाला माशाच्या पोटात शिंका येतात. मोठ्यांना बायबल पाठ असलं तरी टोपीतली मांजर फक्त पोराच्या तोंडूनच कळणार. ज्याला मांजर माहीत, त्यानं पोराचं ऐकून घेतलं. ज्याला माहीत नाही, त्याची ताई फाटकातच बिनपाण्यानं करते. मुलं घोळ घालतात, विसरतात, पण फसवत नाहीत, असं तिचं म्हणणं. साक्ष घ्यावी तर त्यांचीच.

पाळकसाहेबांनी एकदा तिला बोलावून घेतलं आणि बायबलमध्ये मांजर नाही, असं शक्य तितक्या गोडीनं सांगितलं. सगळ्या प्राण्यांच्या जोड्या तारवात गेल्या असं तुम्हीच सांगता, मग मांजरं काय पोहत गेली, असं ताईनं त्यांनाच विचारलं. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. गुरुवारी आमच्या दारावरून जाताना ते पाय उचलून चालतात एवढंच.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. तिला मी भोंगा म्हणायचे, अर्थात मनातल्या मनात. शाळा सुरू झाली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. पुढे वार्षिक कार्यक्रमाच्या सुमाराला एकदम कंठ फुटला, तो असा की प्रश्न विचारला रे विचारला की ही उभी राहून छताला हादरे देणार. तिला आजी आणायची. उंच, ताठ, कमी बोलणारी बाई, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी. मुलीला आई नाही, असं तिनं प्रवेशाच्या वेळी सांगितलं होतं. बाप वारला होता, तेव्हा आईही गेली असेल असं आम्ही सगळे धरून चाललो. त्या आजीला मांजर, दाढ, शिंका, सगळं सगळं माहीत असायचं. ताईच्या हिशेबात ती पहिल्या नंबरची पालक होती.

आमच्या वर्गाच्या मागच्या भिंतीला लागून शिवणकामाचं छोटं दुकान आहे. ते चालवणारी बाई नवीनच आली होती. वार्षिक कार्यक्रमात मुलांना मेंढपाळ करायचं होतं, तेव्हा तिनंच वर्गात येऊन सगळ्यांची मापं घेतली आणि झगे शिवून दिले. काम चोख, तोंड बंद. आता वर्गाचा पडदा विटला होता, म्हणून ताई आणि मी कापड घेऊन तिच्याकडे गेलो. तिथे चिंध्यांच्या टोपलीत एक मांजर झोपलं होतं. पडद्याचं माप मांडता मांडता ती बाई सहज म्हणाली, "हिला पण नोहाची टोपीच हवी होती बसायला."

मी हसले. ताई हसली नाही. नोहाची गोष्ट दोनच दिवसांपूर्वी, त्याच आठवड्यातल्या गुरुवारी झाली होती. तुमचं कुणी आहे का आमच्या शाळेत, असं ताईनं विचारलं. नाही, असं उत्तर आलं. मग मांजराचं कुणी सांगितलं? कुणीतरी बोलताना ऐकलं, असं म्हणून त्या बाईनं तोंडात टाचण्या धरल्या. तोंडात टाचण्या असलेल्या माणसाची उलटतपासणी घेता येत नाही.

घरी पोहोचेपर्यंत ताईनं सुतावरून स्वर्ग गाठला होता. ती बाई दुसऱ्या शाळेनं पाठवली असेल. पाळकसाहेबांनी पाळत ठेवायला बसवली असेल. नाहीतर मुलं पळवणारी असेल, आधी आवाज ओळखायचे, मग नावं, मग मुलं. मी म्हटलं, ताई, ती शिंपीण आहे. तर म्हणाली, पळवणाऱ्या बायका काय गळ्यात पाटी अडकवून हिंडतात?

पुढच्या गुरुवारी तिनं सापळा लावला. वर्गात गोष्ट न सांगता मुलांना पुढच्या अंगणात नेलं आणि तिथे दावीदाची गोष्ट सांगितली. मग शनिवारी आम्ही पडदा आणायला गेलो. घडी घालता घालता त्या बाईनं विचारलं, "परवा सुट्टी होती का हो शाळेला?"

ताई काउंटर ओलांडून आत गेली. मागच्या भिंतीत, वर, झरोका होता. आमच्या बाजूनं तो खेळण्यांच्या फळीमागे लपला होता, तिच्या बाजूनं मोकळा. त्याच्या बरोबर खाली स्टूल ठेवलेलं होतं. ताईनं स्टुलाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "कुणाचं ऐकता?"

ती बाई खाली बसली आणि तिनं भोंग्याचं नाव घेतलं. ती माझी मुलगी आहे, म्हणाली. नवरा गेल्यावर सासूशी कडाक्याचं भांडण झालं, आणि ती एकटीच घराबाहेर पडली, पोरीला तिथेच टाकून. वर्षानं परत आली तर सासूनं दार उघडलं नाही. मग हे दुकान रिकामं आहे असं कळलं. तिनं स्वतःची चूक कुठेही झाकली नाही. "टाकून" हा शब्द तिचाच.

पुरावा काय, असं ताईनं विचारलं. कागदपत्रं सगळी सासूकडे. मुलीच्या डाव्या खांद्यावर तीळ आहे, असं ती म्हणाली. ताई म्हणाली की मापं घेताना तो कुणालाही दिसला असता.

"तिच्या आजीला सांगू नका," ती म्हणाली. "कळलं तर ती शाळा बदलेल. माझ्याकडे गुरुवार तेवढा उरलाय."

"मला सांगावंच लागेल," ताई म्हणाली.

त्या रात्री आम्ही दोघी भांडलो. ती खरं बोलतेय हे आंधळ्यालाही दिसेल, असं मी म्हटलं. ताईचं म्हणणं, रडणारा प्रत्येक माणूस खराच असतो असं तुला वाटतं, म्हणून तुला सगळे गंडवतात. पोर आमच्या ताब्यात दिलेली आहे, भिंतीला कान लावून कुणी बसलंय हे माहीत असून तिच्या घरी सांगायचं नाही? काही झालं तर? मला राग आला होता, पण हे काही खोटं नव्हतं. पुढच्या गुरुवारी पालकांना वर्ग बघायला बोलावलं होतं. वर्ग सुटल्यावर आजीला बाजूला घेऊन सांगायचं, असं ताईनं ठरवून टाकलं.

त्या गुरुवारी वेळापत्रकात मोशेची गोष्ट होती. ताईचा त्यात काही हात नव्हता, वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच लागतं. मागे छोट्या खुर्च्यांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. आजी ताठ बसली होती आणि पाळकसाहेब दाराशी उभे होते. राजा बाळांना मारतो, म्हणून आई बाळाला टोपलीत घालून नदीवर सोडते, इथपर्यंत ताईनं सांगितलं. टोपली बुडू नये म्हणून एक बेडूक खालून ढकलत होता, ही त्या दिवशीची भेसळ. मुलं खिदळली. मग ताईनं नेहमीसारखा प्रश्न विचारला, "बाळ पाण्यात होतं, तेव्हा त्याची आई कुठे होती?"

घरी, असं दोघातिघांनी सांगितलं. भोंगा उभी राहिली.

"भिंतीच्या पलीकडे," ती ठणठणीत आवाजात म्हणाली. "ती रोज ऐकते. पण सांगायचं नाही."

मागे दोन-तीन पालक हसले. आजी हसली नव्हती. ती मुलीकडेही बघत नव्हती, ती ताईकडे बघत होती. एखाद्या मुलानं असं काही वेगळं सांगितलं की ताईचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो, तुला कुणी सांगितलं? गेली कित्येक वर्षं तो प्रश्न तिच्या तोंडून चुकलेला मी पाहिलेला नाही. त्या दिवशी तो आला नाही. मुलीची मान ताठ होती, आजीसारखीच.

"बरोबर," ताई म्हणाली. "नदीकाठी एक भिंत होती. आई त्या भिंतीच्या पलीकडे बसली होती. तिला बाळाचा आवाज येत होता, पण तिला बाळाजवळ येऊ देत नव्हते. शाबास, बस खाली."

दाराशी पाळकसाहेबांनी उसासा टाकला. आधी बेडूक, आता भिंत, असं त्यांच्या मनात आलं असणार. ताईनं गोष्ट पुढे नेली, राजकन्या आली, बाळ सापडलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. वर्ग सुटल्यावर मी ताईकडे बघत उभी राहिले. ती आजीकडे गेलीच नाही. फळीवरची खेळणी उगाच एका बाजूची दुसऱ्या बाजूला मांडत बसली.

संध्याकाळी मात्र ती दुकानात जाऊन त्या बाईवर उखडली, मुलीला का सांगितलंस म्हणून. मापं घेताना पोरीनंच विचारलं, तू कोण, असं ती बाई म्हणाली. "सगळ्यांशी खोटं बोलते मी. तिच्याशी नाही बोलता आलं." ताई म्हणाली, आजी आता शाळा बदलेल, तयारीत राहा.

शुक्रवारी मुलगी आली नाही. सुट्टीचे दोन दिवस ताई कड्या हलवत घरभर फिरली. आजीला संशय आलाय, आता ती येत नाही, आली तर दाखला मागायलाच येईल, असं ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती आणि तिला धीर देण्याइतकी खात्री माझ्याकडेही नव्हती.

सोमवारी आजी आली, मुलीचा हात धरून. मुलगी आत पळाली. बाकीचे पालक जाईपर्यंत आजी फाटकाला धरून उभी राहिली. ताईनं सवयीनं विचारलं, "सांगितली का गोष्ट?"

"सांगितली," आजी म्हणाली. "बेडूक तुमचा. भिंत तुमची नाही."

ताईनं फाटकाची कडी हलवून पाहिली.

"तुम्ही काही घातलंत की मला हसू येतं. भिंतीला नाही आलं." आजीनं मागे वळून रस्त्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कार्यक्रमाचा झगा धुताना मी उलटा केला होता. एकदाच घालायचा झगा, तो. शेजारच्या मुलाचाही पाहिला, त्याला आत काही नाही. हिच्या झग्याला चार बोटं कापड आत दुमडून ठेवलंय. पोर वाढली की सोडायला. इतकं परकी बाई कशाला करेल?"

म्हणजे तिला कार्यक्रमापासून ठाऊक होतं. तेव्हापासून ती पोरीला दर गुरुवारी न चुकता आणून सोडत होती. शुक्रवारी पोरीला ताप होता, एवढंच. हे सगळं माझ्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. ताईच्या डोक्यात शिरलं की नाही, कळत नव्हतं.

"मी तिला माफ केलेलं नाही," आजी म्हणाली. "दारही उघडणार नाही. दोन वर्षांचं लेकरू माझ्या पदरात टाकून गेली ती. ऐकते तर ऐकू दे. मला माहीत आहे हे तिला सांगू नका."

ताईनं मान हलवली. आजी निघाली, चार पावलं गेली आणि पुन्हा फाटकाशी आली. आता ती ताईकडे बघत नव्हती, फाटकाच्या कडीकडे बघत होती.

"जेवते का नीट?" तिनं विचारलं. "काम लागलं की तिला जेवणाचं भान राहत नाही."

ताईनं त्या बाईला कुठली, कोण, कधी आली, पुरावा काय, सगळं खोदून खोदून विचारलं होतं. हे विचारलं नव्हतं. ती मला म्हणाली, "वर्गाकडे बघ जरा." आणि गाण्याचा तास सोडून ती तशीच मागच्या रस्त्यानं दुकानाकडे गेली.