झाकणातला कपटा

डीप फ्रीजचं झाकण लावताना ती कागदाचा कपटा मधे धरायची आणि ओढून बघायची. कपटा अडकला की म्हणायची, “धरलं बघा.” सुटला तर रबर पुसायला मला लावायची.

ही माझी बायको. त्या दिवशी सकाळीही आम्ही दोघांनी हेच केलं. थंडी मरणाची. मी लाकडी उलथन्यानं कडेचा बर्फ खरवडला, तिनं फडकं मारलं, कपटा ओढला. “धरलं बघा.”

फ्रीज बायकांच्या दूध सोसायटीचा. खव्यासाठी आमच्या पडवीत ठेवलेला. थंडी पडली की ती गारव्याचा काटा खाली आणायची.

मी म्हणायचो, “खवा नासला तर बायका तुला सोलतील.”

“बाहेर एवढा गारठा हाय, मग मशीन काहून दामटायची? थंडी फुकट हाय तवर घ्या की.”

यंदाच्या दुष्काळात जनावरं चारा छावणीवर गेली, दूध आटलं, फ्रीज निम्मा रिकामा. तर हिनं टँकरचं पाणी बाटल्यांत भरून आत रचलं. बर्फ फुगतो म्हणून वर चार बोटं जागा सोडून.

“लोकं घोटासाठी भांडतेत आन तू बर्फ लावतीस?”

“बर्फ पळून चाललाय व्हय? रिकामी पेटी लई वीज खाती. भरली की गारवा धरती.”

पारावर मी सगळ्यांना सांगितलं, हिला येड लागलंय. तुम्हीही हसला असता.

सकाळी बर्फ खरवडला त्याच दिवशी दुपारी दळण निवडताना ती कलंडली. अंबाजोगाईला न्यायला गाडी यायच्या आत गेली.

पोरगी ऊसतोडीला पार कोल्हापूरकडं. फोनवर मला एवढंच म्हणाली, “दादा, मी येईपर्यंत आईला नेऊ नका.” तिला पोचायला दुसऱ्या दिवशीची दुपार होणार. भावकी कुजबुजली, तोवर ठेवायचं कसं? बर्फ कुठनं आणायचा?

मी फ्रीज उघडला. तिच्या हातच्या बाटल्या तिच्याच दोन्ही अंगांना लावल्या.

पोरगी आली तेव्हा आईचं तोंड होतं तसंच होतं. तिनं गालाला गाल लावला. म्हणाली, “किती गार हाय ओ, दादा.”

मग नेलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, घर उठायच्या आधी, बाटल्यांतलं वितळलेलं पाणी मी बायकोनं दारात लावलेल्या शेवग्याला घातलं. बाटल्या घासल्या, पुन्हा भरल्या. वर चार बोटं सोडली. आत रचल्या. काटा खालीच ठेवला. झाकण लावून कपटा ओढला.

सुटला.

रबर पुसलं. परत ओढला.

धरलं.