मंजुळाचं उघडं दार

शिरगावात मंजुळाचं घर शोधायला फार विचारावं लागत नाही. ज्या घराचं पुढचं दार रात्रंदिवस सताड उघडं, ते तिचं. खारा वारा, शेजारची मांजरं आणि वाळत घातलेल्या बोंबलांवर टपलेले कावळे, सगळ्यांना तिथे मुक्त प्रवेश. नवरा दामू म्हणायचा, "आमच्याकडं चोर पण यायचा नाय. त्याला वाटेल, आतली माणसं वाटच बघतायत." लोक हसायचे आणि विसरून जायचे. कोळीवाड्यात दिवसा तशीही कुणी दारं लावत नाही. त्यामुळे बंद खोलीत मंजुळाचा जीव घाबरा होतो, हे पंचवीसेक वर्षं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. न्हाणीला तिने दाराऐवजी जाड पडदा लावून घेतला होता, तोही लोकांनी तिचा लहरीपणा म्हणून सोडून दिला.

उघडकीला आलं ते मुलीच्या बाळंतपणापायी. एकुलती एक हेमाली बोईसरला दिली होती आणि तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही ठरवावं लागत नाही. पण बाळंतपण म्हणजे बंद खोली. आईला नि बाळाला वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या लोटायच्या, खाटेजवळ निखाऱ्यांची शेगडी ठेवायची आणि त्यावर ओवा-शेपा टाकून धुरी द्यायची. शेजारणीची सून बाळंत झाली तेव्हा मंजुळा मोठ्या उत्साहाने मदतीला गेली. आतून दार लागलं, धूर वर चढला आणि ही बाई हातातली ओव्याची वाटी तिथेच टाकून जी पळाली, ती थेट किनाऱ्यावर वाळूत जाऊन बसली. बाळ बघायला आलेली हेमाली मागोमाग धावली. काय झालं, तिने विचारलं.

"चक्कर आली," मंजुळा म्हणाली. खोटं बोलण्यात ती पहिल्यापासूनच कच्ची.

चार दिवसांनी, बातमी बोईसरला पोचल्यावर, विहीणबाईंचा फोन आला. त्या मोठ्या गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला झेपत नसेल तर बाळंतपण आमच्याकडेच करू की." त्या गोडव्याने मंजुळाच्या काळजाला घरं पडली. पोटच्या पोरीचं पहिलं बाळंतपण आपल्या हातून जातंय, आणि कशामुळे, तर धुरामुळे!

हेमालीने मात्र आईला नीट पाहिलं होतं. तिने बोईसरला एक समुपदेशक शोधून काढली, मेघाली मॅडम. एका चष्म्याच्या दुकानावर त्यांची खोली होती. सरकारी दवाखान्यात जायला, बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या मंजुळाने साफ नकार दिला होता. "रांगेत माझंच गिऱ्हाईक भेटायचं. बाजारात माझ्या सुकटीआधी माझी बातमी खपेल." बोईसरच्या या माडीवर निदान कोण आलं-गेलं ते कुणाला कळणार नव्हतं.

पहिल्याच दिवशी मॅडमने दार लावलं आणि मंजुळा उठून उभी राहिली. मॅडमने काही न विचारता दार पुन्हा उघडलं, बाहेरच्या मदतनीस मुलीला खाली चहाला पाठवलं आणि खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली. मंजुळा बसली आणि गप्प राहिली.

मॅडमही गप्प. समोरच्याला घाई करायची नाही, त्याच्या कलाने घ्यायचं, हे त्यांचं शिक्षण. पंखा फिरत राहिला. मंजुळाने भिंतीवरचं चित्र पाहिलं, मॅडमच्या चपला पाहिल्या आणि वेळ संपल्यावर नमस्कार करून निघून आली. दुसऱ्या वेळीही तेच. पैसे भरून गप्प बसायचं, हा नवाच धंदा निघाला होता.

पण तिच्या मते चूक मॅडमची होती. लग्नानंतर सासूने तिला एका भगताकडे नेलं होतं. भगतापुढे आपण तोंड उघडायचं नसतं. तो सुपात तांदळाचे दाणे टाकतो, त्यांत बघतो आणि आपल्याला काय झालंय ते तोच सांगतो. आपणच सांगितलं तर त्याचं कसब काय राहिलं? मंजुळा मॅडमची परीक्षा घेत होती आणि मॅडम सपशेल नापास होत होत्या.

तिसऱ्या वेळी तिचा धीर सुटला. "मॅडम, तुमाला अजून दिसत कसं नाय?"

"काय दिसायला हवं?"

"माझ्या मागं कोण हाय ते."

मेघाली मॅडमने तिच्या मागे एकदा पाहिलं. मग सरळ म्हणाल्या, "मंजुळाताई, मला काहीच दिसत नाही. तुम्ही सांगाल तेवढंच कळेल."

"मग येवढी वर्षं शिकलात काय?"

आधी मॅडमना हसू फुटलं. मग मंजुळालाही आवरेना. हसता हसताच तिने पदराने डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "मी सांगितलं तर तिला काढून टाकाल?"

"कुणाला?"

"सोमीला."

सोमी डोंगरातल्या पाड्यावरची. लग्नाआधी मंजुळा तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती, तेव्हाची तिची जिवाभावाची मैत्रीण. सोमीची नाचणीची भाकर आणि मंजुळाची सुकट, असा त्यांचा डबा एकच असायचा. एके दुपारी गोदामाला आग लागली. धुराने काही दिसेना, शटर अडकलं. वर एक खिडकी होती, लहानशी. "तू बारीक हायस, तू आदी चढ," म्हणत सोमीने मंजुळाला खांद्यावर घेतलं आणि वर ढकललं. मंजुळा बाहेर पडली. सोमी पडली नाही.

"भगत म्हणाला, एक पोरगी लागलीय, दाराशी उभी हाय, काढायला लागंल," मंजुळा सांगत होती. "मी तशीच उठून आले. जिनं मला भायेर काढलं, तिला मी काढू? म्हणून कोणाला बोलले नाय. बोलले असते तर काढलीच असती त्यांनी."

मॅडमने खुर्ची पुढे ओढली. "सोमीला काढायचं काहीच कारण नाही, ताई. तिला राहू दे. आपण धुराची भीती कमी करू."

इतकंच. मंजुळा तिथे मन भरून रडली, इतक्या वर्षांचं सगळं एकदम. चष्म्याच्या दुकानावरून खाली उतरली तेव्हा तिला सडकून भूक लागली होती. तिने वडापाव खाल्ला, वर उसाचा रस प्यायली आणि रसवाल्याला म्हणाली, "अजून एक दे, बर्फ नको." कुणीतरी डोक्यावरची पाटी उतरवून घ्यावी, तशी तिची मान मोकळी झाली होती.

पुढे काही सगळं सरळ झालं नाही. मॅडमने सांगितल्याप्रमाणे ती घरचं दार रोज थोडं थोडं लोटायला लागली. एखाद्या दिवशी छाती धडधडायची आणि दार पुन्हा सताड उघडं व्हायचं. दामू बोटीवरून परतला आणि दार अर्धं लोटलेलं पाहून अंगणातच थबकला. "घरात कोण आजारी हाय काय?" मंजुळाने त्याला सगळं सांगितलं. तो उठला आणि करकरणाऱ्या बिजागरीला तेल घालून आला. आधी अंगणात, मग ओटीवर, मंजुळा निखाऱ्यावर चिमूटभर ओवा टाकून बघायची. कधी पळायची, कधी टिकायची. विहीणबाईंना मात्र तिने फोनवर ठणकावलं, "बाळंतपण शिरगावलाच होईल."

आणि झालंही. मुलगी झाली. आतल्या खोलीत हेमाली खाटेवर, कान बांधून, बाळ दुपट्यात. मंजुळाने शेगडीत निखारे भरले, ओवा टाकला, धूर उठला. तिची नजर दाराकडे गेली. हेमाली आईकडेच बघत होती.

"आई, दार उघडंच राहू दे. चालेल."

"पोरीला वारा लागेल," मंजुळा म्हणाली. ती उठली आणि दार तिने स्वतः लोटलं. कडी मात्र लावली नाही. मग दाराला पाठ लावून खाली बसली, शेजारची जागा पदराने झटकली आणि म्हणाली, "सोमे, इकडं सरक गे. आमची पोर बघ."

"कुणाशी बोलतेस?" हेमालीने विचारलं.

"मैत्रिणीशी. तुला कदी सांगितलीच नाय मी तिची गोष्ट."

निखारे विझेपर्यंत ती सांगत होती. दार लोटलेलंच होतं.