पिण्याच्या पाण्यातल्या मोटरी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीची जमिनीखालची टाकी पूर्ण भरेनाशी झाली, तेव्हा कमिटीने कारण शोधण्याआधी माणूस शोधला. सकाळी म्युनिसिपालिटीचं पाणी आलं की टाकीचा कॉक उघडणं हे पंपवाल्याचं काम. तो उशिरा उघडतो, म्हणून टाकी अर्धीच राहते, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. पंधरा वर्षं तो आमच्याकडे होता. "वैनी, मी कॉक येळेरच उघडतंय. खोटा कशाक बोलू?" असं तो मला जिन्यात थांबवून सांगायचा. त्याला काढून टाकायचं फक्त पुढच्या मीटिंगमध्ये मंजूर व्हायचं राहिलं होतं.

माझा त्याच्यावर विश्वास होता. टाकी कुठेतरी गळत असणार. पण सफाईसाठी ती रिकामी केली तेव्हा भिंती धडधाकट दिसल्या होत्या, आणि तोच मुद्दा पंपवाल्याच्या विरोधात गेला होता. आता रिकाम्या टाकीत पाणी कुठून पळतं ते दिसणार तरी कसं? भरल्या टाकीत खाली जाऊन बघायला हवं होतं, आणि पिण्याच्या पाण्यात माणूस उतरवायला कोणी तयार नव्हतं. मी कमिटीला म्हटलं, यंत्र उतरवू, मी बनवते. त्यावर मंडळी जी हसली, तिथेच मी कामाला लागले. मला कोणी हसलं की माझं डोकं फार छान चालतं.

यंत्राचा सांगाडा सोपा होता. प्लंबरकडचे पीव्हीसी पाइप, पुढे पाण्यात चालणारा कॅमेरा आणि टॉर्च, वर बॅटरी, आणि दोन्हींच्या मधे लांब वायर. पुढे जायला आणि वळायला दोन मोटरी, वर-खाली करायला एक. सगळं घोडं अडलं ते या तीन मोटरींपाशी.

नवरा निवृत्त झाल्यापासून व्हिडिओ बघून सर्वज्ञ झालेला. त्याने खेळण्यातल्या मोटरी आणल्या, डबीत ग्रीस ठासून त्यात बसवल्या, म्हणजे आत पाणी जाणार नाही. बादलीत चालवल्या, तर झकास चालल्या. दहा मिनिटांनी पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग. "अहो, हे पाणी लोक पिणार आहेत," मी म्हटलं. "अगं, थोडंसंच तर आहे," तो म्हणाला. ती बादली मी त्याच्यासमोर मोरीत ओतली आणि तो विषय तिथे संपला.

मग मी स्वतः विचार केला. पाणी आत जाऊ द्यायचं नाही म्हणून ग्रीस लागतं. मग जाऊच दे की आत! ड्रोनची मोटर उघडीच असते. आतली तांब्याची गुंडाळी मधे स्थिर, भोवती लोहचुंबकाची वाटी फिरते. कार्बन ब्रश नाही, ग्रीसची डबी नाही. गुंडाळीवर पक्कं लेपण केलं की पाणी आरपार जाऊनही तिचं काही बिघडत नाही. तीन मोटरी मागवल्या आणि गच्चीवरच्या पिंपात यंत्र सोडलं. गळती ओळखायची तर पाण्यात रंग सोडायला हवा, आणि तोही पोटात गेला तरी चालेल असा, म्हणून मी गावाहून आलेलं कोकमाचं आगळ घेतलं होतं. पिंपाला खाली एक बारीक भोक पाडून ठेवलं होतं. आगळाची रेघ भोकाकडे ओढली जाईल असा हिशेब. पण मोटरींनी पाणी असं घुसळलं, की दोन मिनिटांत पिंपभर सरबत झालं.

"कमी वॉटच्या घे," नवरा म्हणाला. पण वॉटचा प्रश्न नव्हताच. ड्रोनला हवेत उडायचं असतं, म्हणून त्यात जाड तारेचे मोजकेच वेढे देतात आणि ती मोटर सुसाट पळते. मला हळू आणि दमदार हवी होती. त्यासाठी बारीक तार आणि खूप वेढे. हे मला व्हिडिओ बघून कळलं नाही. भांडुपच्या पंख्याच्या कारखान्यात वाइंडिंग खात्यात मी अठ्ठावीस वर्षं काढली आहेत. बाजारात मला हवी ती मोटर नव्हती, तर ती करायची.

घाटकोपरच्या रिवाइंडिंगवाल्याकडून तार आणली. जुनी गुंडाळी उकलून टाकली, डोळ्याला भिंग लावलं आणि बोटाएवढ्या गाभ्याच्या बारा दातांवर एकेक वेढा देत बसले. पहिल्या मोटरीत एका दातावर वेढे उलटे पडले. ती नुसतीच गुणगुणायची, फिरायची नाही. पुन्हा उकलली. तीन मोटरींना आठ दिवस लागले. बोटं सगळं विसरली असतील अशी मला भीती होती, पण विसरली नव्हती.

लेपण वाळल्यावर तिन्ही मोटरी पातेल्यात तीन दिवस बुडवून ठेवल्या आणि सेक्रेटरींना घरी बोलावून ते पाणी त्यांच्यासमोर प्याले. त्यांनाही ग्लास दिला. ते म्हणाले, नको, विश्वास आहे.

मीटिंगच्या आदल्या रविवारी सकाळी टाकीचं झाकण उघडलं. अर्धी सोसायटी भोवती जमली होती. यंत्राच्या पुढच्या टोकापर्यंत एक बारीक नळी नेली होती, तिच्या वरच्या टोकाची आगळाची सिरिंज मी मुद्दाम सेक्रेटरींच्या हातात दिली, म्हणजे उद्या कोणी शंका काढायला नको. यंत्र खाली गेलं आणि कॅमेऱ्याला दिसेल ते वर लॅपटॉपवर सगळ्यांना दिसू लागलं. माझ्या मोटरी इतक्या सावकाश फिरत होत्या, की तळाचा गाळसुद्धा हलला नाही. तीन भिंतींपाशी आगळाची रेघ नुसती खाली बसत गेली. चौथ्या भिंतीत, जुना पाइप जिथे बाहेर जातो तिथे, ती एकदम आडवी झाली आणि भिंतीत शिरली. सेक्रेटरींनी पुन्हा सिरिंज दाबली. पुन्हा शिरली.

पंपवाला माझ्या मागे उभा होता. तो टाकीच्या कठड्यावर बसला, तोंडावर हात ठेवला आणि रडायला लागला. "मी येळेरच उघडतंय वो," तो म्हणाला. डोळ्यांसमोर सगळं दिसत असूनही तो अजून खुलासाच देत होता.

"पुरे, पुरे," सेक्रेटरी त्याला म्हणाले. "चुकलं आमचं." सगळ्यांसमोर म्हणाले, हे मला त्यांचं आवडलं.

मलाही भरून आलं होतं, म्हणून मी खाली बघत यंत्र वर ओढून घेतलं. मग, कोणी विचारलं नव्हतं तरी, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं की या तिन्ही मोटरी माझ्या हातच्या आहेत.