मी न लिहिलेलं पोस्टकार्ड

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर वाद नको. भूत, भानामती, अंगात येणं यातलं मी काहीही मानत नाही. तेव्हा मानत नव्हते आणि आता सांगणार आहे त्या प्रकारानंतरही मानत नाही. माझे बाबा माजरीच्या कोळसा खाणीत कामाला होते, बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या पिढीतले. घरात कुणी "म्हणतात की..." अशी सुरुवात केली, की ते जेवता जेवता हात थांबवून विचारायचे, "कोण म्हणते? नाव सांग." त्यामुळे आम्हा भावंडांना गावगप्पा मारणं कधी जमलंच नाही. इथे लोक लिहितात ते अनुभव मी बरेच दिवस वाचतेय आणि खरं सांगायचं तर अर्ध्याअधिकांना मनातल्या मनात हसलेही आहे. आता हसायची पाळी तुमची.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी तेव्हा वरोऱ्याला राहायचे, लग्न व्हायचं होतं. नागपूरची एक संस्था कॅन्सरच्या पेशंटसाठी काम करायची, तिथे मला नोकरी लागली होती. संस्थेची कामं दोन. उपचाराला आलेल्यांची आणि सोबतच्या माणसाची नागपुरात राहायची-जेवायची सोय करायची, आणि दुसरं म्हणजे, माणूस कॅन्सरच्या दवाखान्यापर्यंत पोचूच नये म्हणून गावोगाव जाऊन तोंडं तपासायची. आमच्या भागात याची गरज किती, ते इकडच्या माणसाला सांगायला नको. पुरुषांच्या गालात तंबाखू, आणि बायका गुडाखूनं, म्हणजे तंबाखू-गुळाच्या लगद्यानं, दात घासायच्या. घासून झालं की थुंकायचं नाही, गालात धरून बसायचं. सकाळची अर्धी कामं त्या तोंड मिटूनच उरकायच्या.

सिंदेवाहीपासून पुढे गडचिरोलीकडे जंगलातली जी गावं आहेत, तिथे आम्ही बाजाराच्या दिवशी कॅम्प लावायचो. शाळेचा व्हरांडा, एक टेबल, उकळलेले स्टीलचे चमचे, टॉर्च. डॉक्टर नागपूरहून यायचे. वयस्कर होते, कमी बोलायचे आणि ओरडायचे मात्र भरपूर. ते तोंडात बघत आणि मोठ्यानं सांगत, "डावा गाल, मागची दाढ, पांढरा चट्टा." मी रजिस्टरमध्ये लिहायचे. आमच्याकडे उघड्या तोंडाच्या चित्राचा एक रबरी शिक्का होता. तो उमटवायचा आणि चट्टा असेल तिथे लाल पेन्सिलीनं ठिपका द्यायचा. पेशंट समोर बसलेला, त्यामुळे त्याचा डावा गाल कागदावर उजवीकडे येतो. सुरुवातीला मी यात इतक्या चुका केल्या, की डॉक्टर म्हणाले, "रामटेके, तुझ्या भरवशावर मी चांगला गाल कापीन एखाद्या दिवशी." तेव्हापासून मी प्रत्येक ठिपक्याशेजारी अगदी बारीक अक्षरात 'डा' किंवा 'उ' लिहून ठेवायचे. ही माझी एकटीची सवय. दुसरं कुणी तसं करत नसे.

ज्यांच्या तोंडात काही सापडे, त्यांना पुन्हा बोलवायला मी पोस्टकार्ड पाठवायचे. डॉक्टरांचं म्हणणं होतं, छापून घेऊ. मी म्हटलं, छापील कागद सरळ चुलीत जातो. नाव घालून, हातानं लिहिलेलं असलं की माणूस ते जपून ठेवतो. पण एक पथ्य होतं. या गावांमध्ये पत्र पोस्टमनच वाचून दाखवतो, तेही पाच-पन्नास माणसांत. म्हणून कार्डावर 'कॅन्सर' हा शब्द कधी लिहायचा नाही. एकदा तो शब्द गावानं ऐकला, की त्या बाईच्या हातचं पाणी कुणी पीत नाही. मी लिहायचे, 'तुमच्या तोंडात एक डाग आहे, तो परत पाहायचा आहे, अमुक बाजाराला या.' खाली शिक्का, ठिपका आणि माझी सही. एवढंच. आणि तोंड पाहिल्याशिवाय कुणालाही कार्ड टाकायचं नाही, हे तर उघडच होतं.

धानाची कापणी उरकून मळण्या सुरू झाल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. सकाळी दहाचा सुमार असेल. एक गोंड बाई व्हरांड्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल, अंगानं वाळकी, पण ताठ. सोबत तिचा दीर होता, लालसू. ती मला म्हणाली, "रामटेके बाई कोन आहे इथी?"

"मीच."

"मी झनाबाई. बोरटोल्याची. तुम्ही बलावलं, म्हणून आली."

मी रजिस्टर उघडलं. बोरटोला नावाचं पान सापडेना. सापडणार कसं... बोरटोल्याला आमचा कॅम्प झालेलाच नव्हता. जीप जाईल असा रस्ताच नव्हता तिकडे. मी विचारलं, "बाई, याआधी कोणत्या गावाला आला होता तुम्ही तपासायला?"

"कुठीच नाई. माह्या तोंडात कोनी पाह्यलंच नाई कधी. तुमची चिट्ठी आली न," असं म्हणत तिनं कमरेची गाठ सोडली आणि त्यातून एक पोस्टकार्ड काढून माझ्या हातात दिलं.

ते कार्ड बघितल्यावर मला काय वाटलं, ते नीट सांगायचा प्रयत्न करते. भीती नाही वाटली. आपलीच वही अनोळखी घरात सापडावी, तसं वाटलं. अक्षर माझं. 'ण' काढायची माझी पद्धत जरा विचित्र आहे, तसाच 'ण'. सही माझी. आमचा शिक्का, त्याच्या खालच्या ओठाजवळ रबर तुटलं होतं, ती खाचसुद्धा होती. उजवीकडे अगदी मागे लाल ठिपका आणि शेजारी बारीक 'डा'. आजच्या बाजाराचं गाव बरोबर लिहिलेलं. फक्त एक वाक्य जास्तीचं होतं: 'दुखत नाही म्हणून थांबू नका.' हे वाक्य मी तोवर एकाही कार्डावर लिहिलेलं नव्हतं.

मी तिला डॉक्टरांपुढे बसवलं. कार्ड मात्र दाखवलं नाही. मुद्दाम. म्हटलं, आधी ते काय म्हणतात ते ऐकू.

त्यांनी टॉर्च मारला, चमच्यानं गाल बाजूला केला आणि बराच वेळ बघत राहिले. मग बोट आत घालून चाचपलं. "डावा गाल," ते म्हणाले, "शेवटच्या दाढेमागे. चट्टा आहे आणि कडेला टणक लागतंय." नेहमी ओरडणारा माणूस हळू आवाजात बोलला, तेव्हाच मी समजले. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिला आज जीपमधून घेऊन जायचं. तुकडा काढून तपासावा लागेल. आत्ता हे लहान आहे. पावसाळ्यापर्यंत थांबली, तर मग मला बोलवू नका."

मी झनाबाईला आणि लालसूला समजावून सांगितलं. लालसू मात्र तयार होईना. "बाई, तिले काई दुखत नाई, काई नाई. खळ्यावर धान पडून आहे. आमच्या गावचा एक जन नेला होता नागपूरले, मानूस नाई आला, नुसता निरोप आला. चाकू लावला की पसरते म्हनतात." बाबा असते, तर त्यांनी विचारलं असतं, कोण म्हणते. मी विचारलं नाही. कारण तो माणूस दुष्ट नव्हता. नवरा गेल्यावर भावजयीला आणि तिच्या दोन पोरींना तोच सांभाळत होता आणि ती परत येणार नाही, या भीतीनं त्याचा चेहरा उतरला होता.

मग त्यानं माझ्या हातातल्या कार्डाकडे बघितलं आणि अगदी सरळ विचारलं, "बाई, हे तुम्हीच लिवलं न? तुम्हाले पक्कं मालूम होतं, म्हनूनच बलावलं न हिले? तुम्ही हो म्हना, मी पाठवतो. नाई तर आम्ही चाललो घरी."

व्हरांड्यात वीस-पंचवीस माणसं होती. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. बोरटोल्याला कॅम्प झालेला नाही, हे त्यांनाही माहीत होतं. मी खरं बोलले असते, तर ती दोघं वीस मिनिटांत जंगलाच्या वाटेला लागली असती आणि मग ती बाई मेली असती. इतकं ते स्पष्ट होतं. आणि तरी मला ते शब्द उच्चारायला किती जड गेलं, काय सांगू. मी खोटं बोलत नाही, याचा मला फार अभिमान होता तेव्हा.

"हो," मी म्हटलं. "मीच लिहिलं."

लालसूनं मान डोलावली आणि भावजयीला म्हणाला, "जा मंग. पोरी माह्याजवळ राहतीन."

जीप निघाल्यावर झनाबाईला मागच्या सीटवर डुलकी लागली. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "रामटेके, तू खोटं बोललीस."

"हो सर."

"बरं केलंस," एवढं म्हणून ते खिडकीबाहेर बघायला लागले.

नागपुरात तुकडा तपासला. कॅन्सर होताच, पण सुरुवातीचा. ऑपरेशन लहान झालं. दाढा गेल्या, गाल थोडा आत ओढला गेला, पण बाई आपल्या पायांनी बोरटोल्याला परत गेली. संस्थेच्या खोलीत ती महिनाभर होती. कार्ड उशीखाली. मला ते तपासायला हवं होतं, पण ती द्यायची नाही. शेवटी एका दुपारपुरतं उसनं दिलं.

त्या दुपारी मी जे जे करता येईल, ते केलं. तोच मजकूर दहा वेळा लिहून अक्षर ताडून पाहिलं. शिक्का ताडून पाहिला. पोस्टाचा ठसा इतका पुसट होता, की गाव लागलं नाही, तारीखही नाही. शिक्का माझ्याच पेटीत कुलपात असायचा. डॉक्टरांना मराठी धड लिहिता येत नव्हतं, ड्रायव्हरला तर सहीपुरतंच. झनाबाई नावाची दुसरी कुणी रजिस्टरमध्ये होती का, ते पाहिलं. दोन निघाल्या. दोघी भलत्याच गावच्या, दोघींची तोंडं साफ. पुढच्या बाजारी तिकडचा पोस्टमन नानाजी भेटला, त्यालाही विचारलं. तो चिडला. "मी कायले खोटं बोलू, बाई? थैलीत तुमचे चार कार्ड होते. तीन या गावाचे, एक बोरटोल्याचं. मीच नेऊन देल्लं, मीच वाचून देल्लं." त्यातली तीन मी लिहिलेली होती, हे रजिस्टरवरून सिद्ध झालं. चौथं राहिलं.

डॉक्टरांचा सिद्धांत असा, की मी लिहिलं आणि विसरले. मधे मला मलेरिया झाला होता, तापात लिहिलं असेल. चला, धरून चालू. पण तापात मी बोरटोल्याच्या बाईचं नाव आणलं कुठून? आणि तिच्या दाढेमागचा चट्टा? तो तर तिचा तिलाच माहीत नव्हता! यावर डॉक्टर म्हणाले, "तू फार प्रश्न विचारतेस," आणि विषय संपला. एक गोष्ट मात्र झाली. ते जास्तीचं वाक्य मला पटलं, म्हणून पुढच्या सगळ्या कार्डांवर मी ते लिहायला लागले. म्हणजे माझ्या अक्षरातलं ते वाक्य मी त्या कार्डावरून उचललं. याचा विचार करायला लागलं की अजून डोकं चालेनासं होतं.

माझ्या खोट्याचं ओझं मात्र गेलं नव्हतं. दोन वर्षांनी त्याच शाळेच्या व्हरांड्यात झनाबाई तपासणीला आली. तोंड स्वच्छ होतं. डॉक्टर चहाला उठले, तेव्हा मी तिच्याजवळ बसून सगळं सांगून टाकलं. ते कार्ड मी लिहिलेलं नाही, कुणी लिहिलं ठाऊक नाही, त्या दिवशी मी तुझ्या दिरापुढे खोटं बोलले, मला माफ कर. मला रडू येत होतं.

ती ऐकत राहिली. मग तिनं हळूच मागे वळून पाहिलं. पायरीजवळ बोरटोल्याच्या चार बायका बसल्या होत्या. झनाबाईचं पाहून अलीकडे त्या आमच्या आधीच्या एका कॅम्पला येऊन तोंड दाखवून गेल्या होत्या आणि चौघींच्या हातात माझी, मी खरोखर लिहिलेली कार्डं होती. त्यातली सगळ्यात लहान, विशीतली, अशी टोकाला बसली होती, की कुणी खाकरलं तरी उठून पळेल.

"बाई," झनाबाई अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मले सांगतलं ते सांगतलं. आता कोनालेच सांगू नोका. थ्या पोरीले समजलं का तुम्हाले मालूम नसते, तं थे अब्बी घरी चालली जाईन."

मी तिला शब्द दिला, डोळे पुसले आणि त्या पोरीलाच पहिली आत बोलावलं. तिचाही डाग तसलाच निघाला, तोही सुरुवातीचाच. ती आज आजी झाली आहे.

झनाबाई गेल्या वर्षी वारली, म्हातारपणानं. तिला दिलेला शब्द तोवर पाळला, म्हणून इतक्या उशिरा लिहितेय. ते कार्ड कुणी लिहिलं, हे मला आजही माहीत नाही. तुम्हाला काही सुचलं तर जरूर कळवा... फक्त 'तुम्हीच विसरला असाल' असं म्हणू नका. ते मी स्वतःलाच पुष्कळदा सांगून पाहिलंय, पटत नाही.