मेन स्ट्रीटवरचे दिवे

माणसांपेक्षा इमारतींशी ज्याचं जास्त पटतं असा इसम जगाच्या पाठीवर एकच असावा, आणि तो नेमका थोरला साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. सिडनीपासून सात तासांवर, गव्हाच्या सपाट मुलखातल्या एका चिमुकल्या गावात त्यांनी कौन्सिलचे इंजिनियर म्हणून उभी हयात काढली. गावाला एकच मेन स्ट्रीट आणि तिच्यावर शंभर वर्षांच्या विटांच्या इमारती: बँक, पोस्ट, पब आणि टोकाला कापडाचं दुकान. पब सोडला तर आता सगळ्यांना कुलपं. निवृत्त झाल्यावर त्या कुलपांच्या किल्ल्या साडूंनी मागून घेतल्या. रस्त्यात माणूस भेटला तर हे नुसती मान हलवणार, पण पोस्टाच्या भिंतीला कान लावून पाच पाच मिनिटं उभे राहणार. "बँक रुसलीय," असं ते मला फोनवर सांगत. "आधी पोस्टाचं छप्पर केलं ना, म्हणून." सिडनीत पेंडल हिलला माझ्या मुलीच्या लग्नात, अक्षता पडत असताना, ते हॉलच्या तुळया मोजत होते.

भिंती ऐकण्याच्या या नादात त्यांना आयुष्यात कुठेही वेळेवर पोचता आलं नाही. माझी मेहुणी त्या कापडाच्या दुकानात शिवणकाम करायची. साडूंनी तिला संध्याकाळी न्यायला यायचं, असा रिवाज होता. दुकान बंद झालं तरी हे बँकेच्या भिंतीशीच. मग ती काचेच्या खिडकीत दिवा लावून बसायची. तिन्हीसांजेला वास्तू अंधारात ठेवू नये, हे तिने त्यांना इतक्या वेळा ऐकवलं होतं, की ती वारल्यावर साडू रोज किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघायचे आणि प्रत्येक रिकाम्या इमारतीच्या खिडकीत बॅटरीचा दिवा लावायचे.

गेल्या वर्षी ते शिडीवरून पडले. ब्रिस्बेनजवळच्या स्प्रिंगफील्ड लेक्सहून त्यांच्या लेकीचा फोन आला. "काका, बाबांना प्लीज घेऊन या. ही कान्ट लिव्ह अलोन. माझं तर ते ऐकतच नाहीत."

मी पोचलो तेव्हा सूर्य बुडत होता. साडू काठी टेकत म्हणाले, "आधी दिवे. तुझ्यामुळे उशीर झालाय." रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आमच्या पावलांचा आवाज समोरच्या व्हरांड्यांतून परत येत होता, आणि आम्ही थांबल्यावरही तो दोन पावलं येत राहिला, असं मला वाटलं. बँक झाली, पोस्ट झालं. टोकाच्या दुकानाची खिडकी मात्र आधीच पिवळी दिसत होती.

दाराला बाहेरून कुलूप. किल्ली साडूंच्या हातात. आत जमिनीवर धुळीचा थर, त्यावर साडूंच्या बुटांचे आणि काठीचे ठसे सोडले तर दुसरं एक पाऊल नाही. दिवा मात्र जळत होता. "बॅटऱ्या बदलल्यात वाटतं," मी उगाच बोललो. साडूंनी खिशातून दोन बॅटऱ्या काढून दाखवल्या. "कालच काढल्यात. दिव्यात काही नाही."

मी विचारलं, "रोज लागतो?"

"छे. मला उशीर झाला तरच." जणू बसचं वेळापत्रक सांगत होते. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "मी ब्रिस्बेनला गेलो तर ती थांबून राहील रे."

मी शहाण्यासारखं बोललो. मनाचे खेळ, तुमची तब्येत, लेकीची काळजी, सगळं सांगितलं. तेही शेवटी थकून हो म्हणाले. लेकीच्या नव्याकोऱ्या घरात ते भिंतींना कान लावून बघत. "काहीच बोलत नाहीत," एवढंच म्हणत.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो असताना त्यांना गावातल्या पबवाल्याचा मेसेज आला. "मेट, किल्ली कुणाला दिलीस? लाइट रोज चालू असतो." सोबत पब बंद केल्यावर काढलेला फोटो. अख्खी मेन स्ट्रीट काळोखात आणि टोकाला एकच पिवळी खिडकी. किल्ल्यांचा जुडगा आमच्यासमोर टेबलावर पडलेला होता.

साडूंनी फोटो बराच वेळ पाहिला. मग टेबलावरचा जुडगा उचलून खिशात टाकला.

"फारच उशीर केला मी," ते म्हणाले. "तिकीट बघ."

या वेळी मी काही शहाणपण शिकवलं नाही. मुकाट्याने फोन काढला आणि दोन तिकिटं बघायला लागलो.