फळ्यावरचा भूकंप

लातूरच्या आमच्या शाळेत शनिवारी भित्तिपत्रकाचा तास असायचा. मनचं लिहायचं, चांगलं ते भिंतीवर लागायचं. भूकंपानंतर त्या तासाचीही शिकवणी झाली. ‘मी अनुभवलेला भूकंप’ बोर्डाला येणारच म्हणून सरांनी फळ्यावर तयार निबंधच लिहून दिला.

माझ्या बाकावरची मुलगी भूकंपाच्या गावातून आलेली. तिची आई ढिगाऱ्याखाली गेली होती. तिनं तेवढंच लिहिलं, चार ओळींत. सर म्हणाले, “मुद्दे कुठं हायत? याला मार्क कोण देणार?”

पुढच्या शनिवारी तिनं फळ्यावरचा निबंध जसाच्या तसा लिहून दिला. सरांनी तो कौतुकानं भिंतीवर लावला. आठवलं की माझं डोकं अजून फिरतं. त्या निबंधाची शेवटची ओळ होती, ‘सुदैवाने माझी आई वाचली.’